माचाचा छोटा व्यवसाय : घरचे नाते आणि पहिली खरेदी

ज्यांचे आजोळ किंवा सासर जपानमधील चहाच्या प्रदेशात आहे, किंवा ज्यांनी नोकरीनिमित्त तिथे अनेक वर्षे संसार केला आहे, त्यांच्या मनात पुण्या-मुंबईत माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक भुकटी, विकण्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी बहुतेकांचे लक्ष आधी नाव, बोधचिन्ह आणि वेष्टनावरील आजीच्या छायाचित्राकडे जाते. माझ्या मते घरच्या नात्याचा खरा उपयोग खरेदीत होतो, कारण कोणत्या मळ्यातील, कोणत्या तोडणीचा आणि केव्हा दळलेला चहा आपल्याला मिळतो आहे, हे नातलगांच्या ओळखीने जितके नेमके कळते तितके घाऊक व्यापाऱ्याच्या दरपत्रकावरून कळत नाही. जपानशी असे नाते नसेल तर ते जाहिरातीपुरते जोडू नये. आपल्या घरी हा चहा कसा आला आणि आपण तो कसा पितो, एवढे प्रामाणिकपणे सांगितले तरी पुरते.

खरेदीपूर्वी माचा कसा तयार होतो हे नीट समजून घ्यावे. तोडणीच्या आधी साधारण वीस दिवस किंवा त्याहून अधिक काळ चहाची झुडपे झाकून ठेवली जातात. पूर्वी यासाठी बोरू आणि भाताचा पेंढा वापरत, आता बहुतेक ठिकाणी काळी कृत्रिम जाळी वापरतात. उन्हाअभावी पानांत हरितद्रव्य वाढते आणि चवीला गोडवा देणारे थिआनिन हे अमिनो आम्ल टिकून राहते. तोडलेली पाने लगेच वाफवून, न वळता वाळवली जातात आणि त्यांचे देठ व शिरा काढून टाकतात. या कच्च्या मालाला तेंचा म्हणतात व तो दळला की माचा होतो. क्योतोजवळचे उजी, आइची प्रांतातील निशिओ, फुकुओकातील यामे आणि दक्षिणेकडील कागोशिमा ही त्याची प्रमुख ठिकाणे आहेत. नातलगांमार्फत चौकशी करताना गाव, झुडपाचा वाण, तोडणीचे वर्ष आणि दळल्याची तारीख या चार गोष्टी लेखी मागाव्यात. ‘आमच्या ओळखीचा आहे, चांगलाच देईल’ हे उत्तर सोयरिकीत चालते, मालाच्या व्यवहारात चालत नाही.

नमुने आले की चिमूटभर भुकटी पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने ओढावी. चांगला माचा गर्द हिरवी, सलग रेघ उमटवतो, तर हलका किंवा शिळा माल पिवळट दिसतो आणि रेघ मध्येच तुटते. मग २ ग्रॅम भुकटी चाळून, सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या ७० मिलिलिटर पाण्यात बांबूच्या रवीने, म्हणजे चासेनने, घुसळून प्यावी. पाणी गाळलेले व हलके असावे, कारण बोअरच्या जड पाण्यात उत्तम माचाही बेचव लागतो. सगळे नमुने एकाच बैठकीत आणि एकाच पाण्यात चाखल्याशिवाय निवड करू नये.

वेष्टनावर दिसणाऱ्या ‘सेरेमोनियल’, म्हणजे चहा-समारंभाच्या योग्यतेचा, या दर्जाला कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. तो विक्रेत्यांचा शब्द आहे, त्यामुळे केवळ त्यावर भाव ठरवू नये. ग्रॅनाइटच्या जात्यावर तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम माचा दळला जातो. म्हणून ३० ग्रॅमचा डबा अगदी स्वस्त मिळत असेल तर तो जात्यावरचा नाही, असे खुशाल समजावे. यंत्रावर दळलेला माल वाईट असतो असे नाही. दूध आणि साखर घालून प्यायच्या पेयात नाजूक चव तशीही दबते, तेव्हा तिथे कडवट, ठसठशीत आणि स्वस्त माचाच योग्य ठरतो. सुरुवातीला पाण्यातला एक आणि दुधातला एक, असे दोनच प्रकार ठेवावेत.

नातलगांनी बॅगेतून आणलेले डबे घरी पिण्यासाठी असतात, ते विकता येत नाहीत. स्वतः आयात करायची असल्यास आयात-निर्यात संकेतांक आणि एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना लागतो. चहाच्या आयातीवर भारतात १०० टक्के मूळ सीमाशुल्क असल्यामुळे जपानमधील भावात विमानभाडे तेवढे मिळवून केलेला हिशेब पहिल्याच खेपेला कोलमडतो. शिवाय माल येथे उतरताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी लागते. म्हणूनच दळल्याच्या तारखेचा आग्रह धरायचा. या कटकटी पाहता, ओळखीच्या मळ्याचा माल परवानाधारक आयातदारामार्फत मागवणे आणि आपण फक्त विक्रीपुरती नोंदणी करणे हा मार्ग पहिल्या वर्षी मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

माचाला हवा, उजेड, उष्णता आणि दमट हवामान यांचे वावडे आहे, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात यांतले काहीच टळत नाही. बंद डबे शीतकपाटात ठेवावेत, पण बाहेर काढल्याबरोबर उघडू नयेत. डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा, नाहीतर आत दव धरून भुकटीच्या गुठळ्या होतात. सुट्या मालातून लहान डबे भरायचे असल्यास ते काम कोरड्या, वातानुकूलित खोलीतच करावे. उघडलेला डबा महिनाभरात संपवावा, हे ग्राहकालाही स्पष्ट सांगावे आणि म्हणून मोठ्या डब्याचा मोह धरू नये. ३० ग्रॅमच्या डब्यात १५ कप होतात, एका माणसाला ते पुरेसे आहेत.

पहिली विक्री ओळखीच्या माणसांना बोलावून, समोर करून पाजण्यातून करावी. जपानमध्ये माचापूर्वी गोड खातात. आपल्याकडे त्या जागी नारळाची वडी उत्तम बसते, चिवडा किंवा चकली मात्र चहाची चव मारून टाकते. आले-गवती चहाच्या सवयीच्या जिभेला पहिला घोट कडूच लागणार, तेव्हा आधी दोन घास वडी खायला लावावी. वजन घटते, आजार बरे होतात असली विधाने तोंडीही करू नयेत. त्याउलट २ ग्रॅममध्ये साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते, हे आपणहून सांगावे.

२०२४ च्या शरद ऋतूत मागणी इतकी वाढली की उजीतील जुन्या पेढ्यांनाही विक्रीवर मर्यादा घालावी लागली. लहान खरेदीदाराला अशा वेळी कोणी विचारत नाही. पहिली तोडणी मे महिन्याच्या सुमारास होते, म्हणून मागील वर्षी कोणता प्रकार किती विकला गेला याचा हिशेब मांडून, पुढील वर्षाची मागणी हिवाळ्यातच मळेवाल्याला कळवावी आणि शक्य असल्यास थोडी रक्कम आगाऊ द्यावी.