ग्रुनाऊ बेबीचा डावा पंख आणि माझा दोन डिग्रीचा पीळ

लाकडी ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचं, स्केल मॉडेल बांधायला घेताय ना, मग रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) कापणं, स्पार (पंखाचा लांब कणा) चिकटवणं वगैरे सांगत बसत नाही, ते जमतंच. मी अडकलो पंखाच्या नाकात. पुढच्या कडेला पातळ प्लाय गुंडाळून जो डी-बॉक्स करतात, त्यात. सात महिन्यांचं काम एका रात्रीत वाकडं केलं आणि कळलं कधी, तर पहिल्या उड्डाणात.

माझं मॉडेल ग्रुनाऊ बेबी या जुन्या जर्मन ग्लायडरचं, वन-फोर्थ स्केल. एडमंड श्नायडरचं डिझाइन, 1931 चं, खऱ्या विमानाचा स्पॅन (पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत) साधारण साडेतेरा मीटर, म्हणजे माझा एकेक पंख 1.7 मीटर, आणि घर भांडुपला वन बीएचके. आई विचारायची, पाहुणे आले तर पंखावर बसवू का? तरी पहिल्यांदा हेच घ्या. पंखाला बाहेरून स्ट्रट, म्हणजे आधाराची दांडी, पंखाचा आतला भाग एकसारख्या रुंदीचा, चुका पोटात घालतं. 1935 च्या मिनिमोआ ग्लायडरचे गल-विंगवाले, म्हणजे सीगल पक्ष्यासारख्या मोडलेल्या पंखांचे फोटो बघून वेडे होऊ नका, मी झालो होतो, नशीब पैसे नव्हते.

आता मुद्दा. मला वाटायचं नाकावरचा प्लाय फक्त आकारासाठी. तसं नाहीये. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहामुळे जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, पोरं वासरकुपेच्या डोंगरावर ग्लायडर उडवायला लागली, आणि 1921 मध्ये हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांचा व्हॅम्पायर नावाचा ग्लायडर आला, एकच मुख्य स्पार आणि पुढे प्लायचं बंद नाक. पुढच्याच वर्षी तो तासाच्या वर हवेत राहिला. वाकणं स्पार सांभाळतो, पिळणं हे नाक. पटत नसेल तर एखादी जुनी लग्नपत्रिका गुंडाळून नळी करा, सांधा टेपने बंद करा आणि पिळून बघा, हलत नाही. टेप काढा, लगेच पिळते. म्हणूनच प्लायचा ग्रेन (लाकडाच्या रेषा) 45 डिग्रीत लावतात, पिळताना ताण तिरका जातो.

ग्रेन मी बरोबर लावला होता. पण खालचा प्लाय बसल्यावर पंख बोर्डवरून उचलला आणि वरचा प्लाय हातात धरून, कपड्यांचे चिमटे लावून चिकटवला. बॉक्स उघडा असतो तोवर पंख हाताने कसाही पिळता येतो, वरचा प्लाय सुकला की त्या क्षणी जो पीळ असेल तो कायमचा. टोकाची मागची कड जरा वर हवी, त्याला वॉशआउट म्हणतात, म्हणजे स्पीड कमी झाला तरी टोक शेवटी स्टॉल होतं, हवेतली उचल सोडतं. माझ्या डाव्या पंखाला ते दोन डिग्री उलटं बसलं होतं. लँडिंगला स्पीड कमी झाला, डावं टोक आधी स्टॉल झालं आणि विमान बाजूवर आडवं. पुन्हा सांगतो, बॉक्स बंद करताना पंख बोर्डला पिन केलेलाच हवा, टोकाच्या मागच्या कडेखाली पॅकिंग देऊन, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

झटपट चिकटणारा ग्लू इथे नकोच, सरळ करायला वेळच देत नाही. शिकायचं तर इंटरनेटवरच्या एक्स्पर्टपेक्षा जुना सुतार गाठा, हे माझं ठाम मत. आमच्या चाळीतल्या मिस्त्रींनी पंखाच्या मुळाशी आणि टोकाशी एकेक सरळ पट्टी आडवी ठेवली, लांबून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "पट्ट्या समांतर नाहीत रे, हा पिळलाय." दहा सेकंदात! टोकाला मुद्दाम दिलेला पीळही असाच बघता येतो. घाबरू नका, पंख परत बांधता येतो, दुसऱ्यांदा मला अडीच महिने लागले.

एक राहिलं, बोर्ड. माझी फळी पावसाळ्यात फुगून वाकली होती, तेही पिळात आलंच. घरात खरी सपाट जागा एकच, ग्रॅनाइटचा ओटा. नवा डावा पंख सध्या तिथेच आहे, पिनांऐवजी वजनं ठेवून, शेगडी खाली उतरवलीये आणि उद्या सकाळपर्यंत घरात वडापाव.