दोन गावांची रविवारची फ्रेंडली मॅच कशी ठेवायची

ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली की गावोगावी स्पर्धा सुरू होतात. एंट्री फी, ट्रॉफी, भोंगा, कॉमेंट्री सगळं असतं, पण तिथं गावातली निवडक अकरा पोरं खेळतात आणि बाकीची बांधावर बसून बघतात. फ्रेंडली मॅच ही त्या बाकीच्यांसाठी असते, म्हणून ती ठेवायची पद्धत पण वेगळी पाहिजे. मी लिहितोय ते आमच्या सातारा भागात टेनिस बॉलवर खेळतात त्याबद्दल, लेदर बॉल असेल तर हेल्मेट, पॅड, मॅटिंग आलं, ते यात धरलेलं नाही.

आधी जागा बघा. ज्याचं रान आहे त्याला घरी जाऊन विचारा, त्याच्या पोराला फोन करून नाही, आणि किती रविवार खेळणार, नांगरट कधी करणार हे तेव्हाच बोलून घ्या. शेजारी कुणाचा गहू, हरभरा उभा असेल तर त्यालाही सांगा. उभ्या पिकात बॉल डायरेक्ट गेला की बॅट्समन आउट हा नियम अशा ठिकाणी ठेवाच, सिक्स मारायच्या नादात दुसऱ्याचं पीक तुडवलं तर पुढच्या रविवारी ग्राउंड मिळत नाही आणि मिळूही नये. ऊस असेल तर दोन रन डिक्लेअर करा आणि बॉल शोधायला एकाच मोठ्या माणसानं हातात काठी घेऊन जायचं, आत पाचटात साप असतो आणि पानांनी हात कापतात. जवळ विहीर असेल, विशेषतः कठडा नसलेली, तर तिकडची बाऊंड्री अलीकडं घ्या आणि टॉसच्या आधी दोन्ही टीमसमोर मोठ्यानं सांगा की विहिरीत गेलेला बॉल गेला, कुणीही उतरायचं नाही. यात अजिबात सूट देऊ नका.

आता पिच, आणि इथं खरी मेहनत आहे. शक्यतो दक्षिणोत्तर आखा, नाहीतर सकाळी एका एंडला आणि संध्याकाळी दुसऱ्या एंडला ऊन सरळ बॅट्समनच्या डोळ्यात येतं. धसकटं उपटून काढा, ढेकळं फोडा, फळी मारून सपाट करा. काळी माती असेल तर ती वाळली की तडकते, मग बॉल भेगेत पडून कुठंही उडतो, म्हणून वरून चाळलेल्या मुरमाचा पातळ थर द्या, खडे राहिले तर बॉल दोन ओव्हरमध्ये सोलून निघतो. गुरुवारी संध्याकाळी भरपूर पाणी मारा, शुक्रवारी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की धुम्मस (जमीन चोपायचं जड हत्यार) घेऊन चोपा किंवा कुणाचा रोलर मिळाला तर फिरवा. चिखल असताना रोलर फिरवला तर माती त्यालाच चिकटून वर येते, आणि पूर्ण वाळल्यावर फिरवून काही उपयोग नाही. शनिवारी हलकं शेणानं सारवून घ्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांनी आयुष्यभर खळी केलीत, पिच म्हणजे लांबट खळंच आहे, ते बरोबर सांगतील पाणी किती आणि चोपायचं कधी.

माप पावलांनी घेऊ नका, सहा फुटी पोराची बावीस पावलं आणि माझी बावीस पावलं यात बराच फरक पडतो. गवंड्याकडं टेप असतो, तो आणा. स्टंपपासून स्टंपपर्यंत 22 यार्ड म्हणजे 66 फूट, स्टंपच्या पुढं 4 फुटांवर क्रीज, तिन्ही स्टंप मिळून रुंदी 9 इंच आणि उंची 28 इंच. दोन्ही टीमना चालत असेल तर टेनिस बॉलला 20 यार्ड पण ठीक आहे, फक्त दोन्ही इनिंगला तेच माप पाहिजे. वाइडची लाइन मधल्या स्टंपपासून 35 इंचावर फक्कीनं ओढून टाका, निम्मी भांडणं तिथंच मिटतात. मार्चमध्ये जमीन इतकी कडक असते की स्टंप ठोकला तर तुटतो, म्हणून आधी पहारीनं भोकं पाडून ठेवा. बाऊंड्रीला दगड किंवा लोखंडी खुंट्या अजिबात नको, पळत आलेला फिल्डर त्यावरच पडतो. खताच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये माती भरून ठेवा, लांबून दिसतात पण चांगल्या.

बॉल कमीत कमी तीन आणा आणि दोन्ही इनिंगला नवा द्या. हेवी की लाइट हे समोरच्या टीमला आठवडा आधी कळवा, कारण लाइटवर खेळणाऱ्याला हेवी बॉल बॅटवर येतो तेव्हा हाताला झटका बसतो आणि कॅच घेताना बोटं दुखावतात.

नियम मात्र टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टननी उभं राहून सगळ्यांसमोर ठरवायचे. एलबीडब्ल्यू टेनिसला आम्ही ठेवत नाही, ठेवूही नका. फेकी बॉलिंग, म्हणजे हात सरळ न ठेवता कोपरातून फेकलेला बॉल, चालणार का ते आधी बोला, कारण प्रत्येक गावात एक तरी फेकणारा असतो आणि त्याला मधेच थांबवलं की टीम घरी निघते. फ्री हिट हवी असेल तर तसं स्पष्ट म्हणा, क्रिकेटचे मूळ नियम करणाऱ्या एमसीसी या लंडनच्या क्लबच्या नियमांत ती नाहीच, ती वनडे-टी-ट्वेंटीच्या अटींमधून आली. आणि कॅच आउट झाल्यावर नवा बॅट्समन स्ट्राइकलाच येतो, आधीच्यांनी क्रॉस केलं असलं तरी. हा बदल ऑक्टोबर 2022 पासून आहे पण गावात अजून निम्मे लोक जुन्या पद्धतीनं खेळतात आणि शेवटच्या ओव्हरला यावरून आवाज चढतात. रनर, म्हणजे बॅट्समनच्या जागी पळणारा माणूस, द्यायला हरकत नाही, इंटरनॅशनलला 2011 पासून बंद आहे पण मूळ नियमांत अजून चालतो, आणि गुडघे दुखणाऱ्या काकांना त्यामुळं बॅटिंग मिळते.

अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचे दोन, एक स्क्वेअर लेगला. रनआउटला शंका आली तर बॅट्समनला फायदा, मोबाइलवर कुणी शूट केलं असेल तरी व्हिडिओ बघायचा नाही, एकदा बघायला लागलं की प्रत्येक बॉलला बघतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 8 ओव्हरची मॅच ठेवा आणि एका बॉलरला एकच ओव्हर, म्हणजे आठ जणांना बॉलिंग मिळाली. 25 रन झाले की बॅट्समन रिटायर, बाकी सगळे आउट झाले तर परत येईल. बारा-तेरा जण आले तरी सगळ्यांना घ्या, दोन्हीकडं सारखे असले म्हणजे झालं. लहान पोरगं आलं की त्याला लिंबूटिंबू करून बाऊंड्रीवर उभं करायची सवय आहे आपल्याला, ती सोडा, त्याला खरी ओव्हर द्या, मार खाल्ला तरी द्या. उमेश यादव नागपूरजवळ वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला, लेदर बॉल हातात यायच्या आधी टेनिस बॉलवरच फास्ट टाकायचा, आणि 2011 ला टेस्ट खेळला. आपलं पोरगं टेस्ट खेळेल म्हणून नाही सांगत, पण ओव्हर मिळाली नाही तर त्याला काय येतं हे त्याला स्वतःलाही कळणार नाही. मुली खेळायला आल्या तर हाच नियम, सांगलीची स्मृती मानधना सगळ्यांना माहीतच आहे.

पैसे लावून खेळू नका. शंभर-शंभरची मॅच म्हणून सुरू होते, मग चांगला खेळणारा बाहेरून आणला जातो आणि गावातला पोरगा परत बांधावर. बॉल हरणाऱ्या टीमनं घ्यायचे, चहा-वडापाव यजमान गावाचा, एवढं पुरे.

वेळ सकाळी साडेसातची ठेवा. एक इनिंग साधारण 40 मिनिटांची, दोन मॅच आरामात अकराच्या आत होतात आणि उन्हाच्या आधी घरी. पाण्याचा जार सावलीला, मीठ-साखर घातलेल्या पाण्याचं एक भांडं वेगळं, आणि एक गाडी पेट्रोल भरून तयार, कुणाला लागलं तर तालुक्याला न्यायला.

मॅच संपली की पिशव्या, ग्लास, फुटलेले बॉल गोळा करा, स्टंपची भोकं बुजवा, गुरांचा पाय अडकतो त्यात. रानाच्या मालकाला चहाला बोलवा. आणि परतीची मॅच त्यांच्या गावात कुठल्या रविवारी हे समोरची टीम गाड्यांवर बसायच्या आधी ठरवून घ्या, नंतर ग्रुपवर नुसते अंगठे येतात.