सतारमेकर गल्लीत प्रश्न विचारताना

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहीत बावीस प्रश्न लिहून नेले होते. एम.ए.च्या प्रकल्पासाठी स्थानिक कलाकारांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पहिलाच प्रश्न, "तुमच्या मते सर्जनशीलता म्हणजे काय?" तिथे वाद्यं घडवणाऱ्या चाचांनी हातातली कानस खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "सगळी वरच्याची मेहरबानी." मग पुन्हा कानस उचलली. उरलेल्या एकवीस प्रश्नांचंही तेच झालं. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात माझा आवाज जास्त आणि बाकी सगळी कानशीची खरखर.

यंदा अशाच मुलाखती घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. पहिली गोष्ट, वही पिशवीतच राहू द्या. दुसऱ्या खेपेला मी नुसती बसून राहिले. तेव्हा एका तानपुऱ्याची जवारी, म्हणजे झंकार येण्यासाठी घोडी घासून जुळवण्याचं काम, चाललं होतं. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा बघताना सपाट वाटतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर कुठवर टेकते, त्यावर झंकार ठरतो. तारा सैल करायच्या, कानस फिरवायची, तारा पुन्हा चढवायच्या, छेडायच्या, ऐकायचं, की पुन्हा सैल. शेवटी तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर मागेपुढे करायचा. दीड तासात चाचा माझ्याशी चार वाक्यंही बोलले नसतील, पण मला विचारावेसे वाटणारे खरे प्रश्न त्या दीड तासात सुचले.

मग त्यांनीच मला विचारलं, "गंधार ऐकू येतो का?"

तानपुऱ्याच्या चार तारांपैकी एकही गंधारात, म्हणजे 'ग' स्वरात, लावलेली नसते. बहुतेक वेळा पंचम (प), मधले दोन षड्ज (सा) आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. पण जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. मला काहीच ऐकू येत नव्हतं, तरी मी "हो" म्हटलं. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "ऐकू येत नसेल तर नाही म्हण की पोरी. मला तीन वर्षं येत नव्हता."

"मग तीन वर्षं काय केलंत?"

"भोपळे धुतले."

माझी मुलाखत खरी तिथे सुरू झाली. पुढे पाऊण तास ते भोपळ्यांबद्दल बोलत होते. हे भोपळे कडू जातीचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, मग आत काटक्यांचे टेकू देऊन त्याला हवी ती गोलाई आणायची. एक टेकू जास्त ताणला की भोपळा तडकतो. त्यांनी फोडलेल्या पहिल्या भोपळ्याची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलला. वडील ओरडले नव्हते. त्यांनी तो फुटका भोपळा दारात टांगून ठेवला होता, वर्षभर. माणूस कसा घडला हे समजून घ्यायचं असेल तर "तुमचा प्रवास सांगा" असं म्हणू नका. हातून बिघडलेली एखादी वस्तू विचारा.

थोडी तयारी मात्र करून जा. इथल्या वाद्यकारांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. १९व्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांपासून या घराण्यांत तंतुवाद्यं घडायला लागली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. १९३७ साली ते गेले, आजही तिथे दरवर्षी गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं ठाऊक असलं की समोरच्याला मुळाक्षरांपासून सांगावं लागत नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जाऊ नका, आणि रेकॉर्डर कानशीपासून लांब ठेवा.

"ही कला टिकली पाहिजे" हे वाक्य कृपा करून त्यांच्यासमोर बोलू नका. मी बोलले होते. शेजारच्या कारखान्यातला माझ्याच वयाचा कारागीर शांतपणे म्हणाला, "ताई, टिकवायला आम्ही रोज सकाळी उघडतोच की." मोबाइलमधल्या तानपुऱ्याने गिऱ्हाईक कमी झालं का, हे विचारायला मी बिचकत होते. त्याने आपणहून विषय काढला आणि प्रवासात नेता यावा म्हणून बिनभोपळ्याचा, चपट्या पेटीचा तानपुरा करून दाखवला. चाचांना तो पसंत नाही. "आवाजाला पोट लागतं," ते म्हणतात. दोघांचं हे भांडण मला सर्जनशीलतेवरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाचं वाटतं. मी ते दोघांच्या शब्दांत, निकाल न देता, प्रकल्पात घातलं.

लिहून झाल्यावर ते वाचून दाखवा. याला वेळ नाही असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. चाचांनी दोन ठिकाणी थांबवलं. एका वाद्याची किंमत मी लिहिली होती, ती काढायला लावली, कारण ते गिऱ्हाईक ओळखीचं होतं. आणि मी "तानपुरा तयार झाला" असं लिहिलं होतं तिथे म्हणाले, "तयार झाला नको. बोलायला लागला असं लिही."

त्याच दिवशी त्यांनी दोरा माझ्या हातात दिला. खर्जाच्या तारेखालून तो किती हलक्या हाताने सरकवावा लागतो, हे महिनाभर बघूनही मला कळलं नव्हतं. माझ्या बोटाने तो एकदम पुढे गेला आणि आवाज कोरडा पडला. मागे घेतला. तार छेडली. झंकाराच्या आत, अगदी पातळ, काहीतरी वर चढलं.

"आला?" चाचांनी मान वर न करता विचारलं.

"आला होता. गेला."

"मग परत सरकव."