मागे लाल-निळे दिवे लागले की काय करायचं (अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी, आणि आईबाबांना बोलावणाऱ्यांसाठी पण)

२००९ ची गोष्ट. न्यू जर्सीत येऊन मला तीन महिने झाले होते, सेकंड हँड कोरोला, रात्रीचे साडेदहा, आणि मागे एकदम लाल-निळे दिवे. मी गाडी बाजूला घेतली आणि आपल्याकडे जे करतात तेच केलं, म्हणजे दार उघडून खाली उतरलो आणि मागच्या खिशातलं पाकीट चाचपत पोलिसाच्या गाडीकडे चालायला लागलो. सांगलीत हवालदाराने अडवलं की आपण उतरून त्याच्यापर्यंत जातो ना, गाडीत बसून राहिलं तर माजोरडेपणा वाटतो. इथे थेट डोळ्यांवर टॉर्चचा झोत आला आणि "गेट बॅक इन द कार" असा जो काही ओरडला तो! झोताच्या मागे मला एवढंच दिसलं की त्याचा उजवा हात कमरेवर आहे. टेललाइट गेला होता, बास. वॉर्निंग देऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे हसले, फक्त शेजारच्या डेस्कवरचा ब्लॅक मित्र हसला नाही. त्याने दोनच गोष्टी विचारल्या, तू खाली उतरलास? आणि हात खिशात होता? मग म्हणाला, मला आईने हे सगळं अकराव्या वर्षी शिकवलं, गाडी हातात यायच्या कितीतरी आधी. त्यांच्याकडे घरोघरी मुलांना समोर बसवून हे सांगतात, त्याला नुसतं 'द टॉक' म्हणतात. आपल्याला इथे आल्यावर क्रेडिट स्कोअर कसा वाढवायचा ते दहा जण सांगतात, हे कोणी सांगत नाही. म्हणून लिहितोय. मी वकील नाही, राज्याराज्यात कायदे बदलतात, ते लक्षात ठेवून वाचा.

आधी गाडी. बहुतेक वेळा थांबवायचं कारण फालतू असतं, आणि सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या व्रेन केसमध्ये सांगून टाकलंय की नियम खरंच मोडला असेल तर पोलिसाच्या मनात दुसरं काय होतं ते बघायचं नाही. म्हणजे त्याला तुमच्यावर नुसता संशय असला तरी टेललाइट पुरतो. त्यामुळे दिवे महिन्यातून एकदा बघा, नंबर प्लेटवरचं स्टिकर एक्स्पायर होऊ देऊ नका, आणि आरशाला लटकवलेला गणपती, लिंबू-मिरची, जे काही असेल ते काढा आणि डॅशबोर्डवर चिकटवा. हसू नका, बऱ्याच राज्यांत आरशाला काही लटकवणं हा गुन्हा धरतात. एप्रिल २०२१ मध्ये मिनेसोटात ब्रुकलिन सेंटरला डॉन्टे राइट नावाच्या २० वर्षांच्या ब्लॅक पोराला एक्स्पायर झालेलं स्टिकर आणि आरशाला लटकणारा एअर फ्रेशनर यावरून थांबवलं, मग त्याच्यावर आधीचंच वॉरंट असल्याचं कळलं, झटापट झाली, आणि तिथल्या पोलीस बाईने टेझर (विजेचा झटका देणारं यंत्र) समजून पिस्तूल चालवलं. पोरगा गेला.

आता दिवे लागले की. उजवीकडचा इंडिकेटर, वेग कमी, उजव्या कडेला थांबायचं, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू, काच खाली, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला, बोटं दिसतील असे. आणि मग काहीही करायचं नाही. हेच आपल्याला जमत नाही, आपण लगेच ग्लव्ह बॉक्स उघडून इन्शुरन्सचा कागद शोधायला लागतो, म्हणजे साहेब येईपर्यंत तयार असावं. मागून येणाऱ्याला मात्र फक्त एक वाकलेली पाठ आणि न दिसणारे हात दिसतात. मागितल्यावरच काढायचं, तेही आधी तोंडाने सांगून, माझं लायसन्स मागच्या खिशात आहे, काढू का, आणि त्याने हो म्हटल्यावर सावकाश. शेजारी बसलेल्यांचे हात मांडीवर, उघडे. फोन हातात धरू नका, डॅशबोर्डवर असू दे. जागा अंधारी असेल किंवा पोलीस खराच आहे का अशी शंका असेल तर हझार्ड लावा, हळूहळू उजेडाच्या जागेपर्यंत जा आणि ९११ ला फोन करून तसं सांगा.

पैसे देऊ नका, सूचितसुद्धा करू नका. "कुछ ऍडजस्ट करो" हा विचार मनात आला तरी गिळा, तो इथे सरळ अटकेचा गुन्हा आहे.

एवढं सगळं केलं की झालं का? नाही ना. फिलँडो कॅस्टील, वय ३२, सेंट पॉलमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात काम करायचा, त्याला आयुष्यात चाळीसहून जास्त वेळा पोलिसांनी थांबवलेलं, म्हणजे 'द टॉक' त्याच्या अंगात मुरलेला. ६ जुलै २०१६ ला परत थांबवलं, ब्रेक लाइटवरून. गाडीत मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. त्याच्याकडे लायसन्सवालं पिस्तूल होतं, आणि ते त्याने स्वतःहून, 'सर' म्हणून, शांतपणे सांगितलं. खिडकीशी बोलणं सुरू होऊन जेमतेम मिनिट झालं असेल, पोलिसाने सात गोळ्या मारल्या. पुढच्या वर्षी ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. तेव्हा ही गाइड म्हणजे पाऊस असताना छत्री न्यायची एवढंच आहे, पाऊस आपण थांबवत नाहीये, आणि छत्री असूनही भिजलेल्याला "तुझंच चुकलं असेल" असं म्हणायचं नाही. आपल्या पॉटलकमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना, की काहीतरी केलं असेल हो त्याने.

काहीतरी केलं असेल वाल्यांसाठी एक गोष्ट. स्टॅनफर्डच्या लोकांनी देशभरातले जवळपास १० कोटी ट्रॅफिक स्टॉप तपासले. त्यात एक साधी युक्ती वापरली, सूर्य मावळायची वेळ वर्षभर मागेपुढे होते, तर संध्याकाळचं तेच घड्याळ धरायचं, एकदा उजेडात एकदा अंधारात. निघालं असं की अंधार पडला आणि ड्रायव्हरचा रंग दिसेनासा झाला की थांबवलेल्यांत ब्लॅक ड्रायव्हरचं प्रमाण कमी होतं. आता रस्ता तोच, वेळ तीच, नियम तेच!

बोलायचं काय ते आता. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स द्यावंच लागतं. उतर म्हणाला तर उतरायचं, तो हक्क त्याला कोर्टाने १९७७ पासून दिलाय, पॅसेंजरलाही उतरवू शकतो. पण "किती स्पीड होता माहितीये का", "कुठून आलास, कुठे चाललास" यांची उत्तरं द्यायची सक्ती नाही. आपल्याला गप्प बसता येत नाही हा प्रॉब्लेम आहे, आपण सॉरी सर, थोडा जास्त होता सर, करून स्वतःच कबुली देऊन मोकळे. गप्प बसायचं तर तेही तोंडाने सांगावं लागतं, मी उत्तर देणार नाही म्हणून. मात्र खोटं बोलायचं नाही, गप्प बसणं चालतं, खोटं चालत नाही. गाडी बघू का असं विचारलं तर "आय डोन्ट कन्सेंट टू अ सर्च" हे वाक्य घरी आरशासमोर पाठ करा, कारण त्या क्षणी तोंडातून "शुअर, शुअर" निघतं. तरीही त्याने झडती घेतलीच तर अडवायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं परत एकदा मोठ्याने म्हणायचं, पुढचं वकील बघेल. फोन बघायला त्याला कोर्टाचं वॉरंट लागतं, २०१४ चा निकाल आहे, म्हणून फोनला चेहऱ्याऐवजी पासकोड ठेवा. तिकिटावर सही मागितली तर बहुतेक ठिकाणी ती गुन्ह्याची कबुली नसते, रस्त्यावर वाद घालू नका, कोर्टाची तारीख त्यासाठीच असते. व्हिसावर असाल तर दारू पिऊन चालवायचा विचारही नको, डीयूआय झालं की कॉन्सुलेट व्हिसा रद्द करू शकतं.

आता आईबाबा, आणि हा भाग कृपया दोनदा वाचा. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन गाव. ५७ वर्षांचे सुरेशभाई पटेल, गुजरातेतून नुकतेच आलेले, नातवाला सांभाळायला. सकाळी मुलाच्या घराजवळ फेरी मारत होते, आपले बाबा मारतात तशी. शेजारच्या कोणीतरी फोन केला की एक हडकुळा ब्लॅक माणूस गल्लीत फिरतोय. पोलीस आले, पटेल म्हणाले नो इंग्लिश, इंडियन, आणि हाताने घर दाखवत होते. पोलिसाने त्यांना पकडून जमिनीवर आपटलं, मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. पोलिसावर फेडरल खटला चालला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जजने त्याला सोडून दिलं. आपण ब्लॅक नाही असं आपण म्हणतो, फोन करणाऱ्याला ते खिडकीतून दिसत नाही. आणि समजा दिसलं असतं, तर ब्लॅक माणसाला आपटणं ठीक होतं का?

माझे बाबा आले तेव्हा मी काय केलं ते सांगतो. एक कार्ड छापून लॅमिनेट केलं, वर इंग्लिशमध्ये नाव, मी मराठी बोलतो, मला कमी ऐकू येतं, माझा मुलगा या पत्त्यावर राहतो, त्याचा फोन. कार्ड गळ्यात, शाळेतल्या आयडीसारखं, खिशात नाही, कारण खिशात हात घालायची वेळच यायला नको. पासपोर्टची झेरॉक्स आणि आय-९४ चा (अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीचा) प्रिंट त्याच पाऊचमध्ये. बाबांना दोन सवयी, थंडीत हात जॅकेटच्या खिशात आणि एरवी पाठीमागे बांधलेले. दोन्ही बंद करायला लावल्या, हातमोजे घेऊन दिले. ते चिडले, "मी काय चोर आहे का" म्हणाले. मग हॉलमध्ये मी पोलीस झालो आणि त्यांच्याकडून तीनदा प्रॅक्टिस करून घेतली, थांबायचं, तळहात दाखवायचे, वळून घराकडे चालायला लागायचं नाही. तिसऱ्यांदा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, एवढं शिकवायचं होतं तर बोलावलंस कशाला. उत्तर नव्हतं. शिवाय पहिल्याच आठवड्यात त्यांना घेऊन आजूबाजूच्या चार घरी जाऊन ओळख करून दिली, चकल्या घेऊन. हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

याची दुसरी बाजू म्हणजे ९११ ला फोन करणारे आपण असतो तेव्हा. आपल्या सबडिव्हिजनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सस्पिशियस पर्सन" म्हणून फोटो येतात, आणि दहातले आठ वेळा तो हुडी घातलेला डिलिव्हरीवाला किंवा कोणाचा तरी पाहुणा असतो आणि तो ब्लॅक असतो. खाली कोणीतरी "कल्लू" लिहितं आणि चार हसरे इमोजी. फोन करायच्या आधी स्वतःला विचारा की हा माणूस करतोय काय. दार फोडतोय, कोणाला मारतोय, तर जरूर करा. नुसता उभा आहे, चालतोय, तर नाही. करायचाच असेल तर जे घडतंय ते सांगा, तुम्हाला काय वाटतं ते नाही. शेजाऱ्याचं म्युझिक, पार्किंगची भांडणं यासाठी नॉन-इमर्जन्सी नंबर वेगळा असतो. घरातलं कोणी मानसिक त्रासात असेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल तर ९८८ आहे, २०२२ पासून देशभर चालू झालाय, बंदूकवाल्याला घरात बोलावण्याआधी तो लावा.

समोर दुसऱ्याला पोलिसांनी धरलेलं दिसलं तर? थांबा आणि व्हिडिओ काढा. पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरलेला ब्लॅक माणूस, जॉर्ज फ्लॉइड, गेला त्या रात्री, २५ मे २०२०, मिनियापोलिस पोलिसांचं जे पत्रक निघालं त्यात लिहिलं होतं की अटकेच्या वेळी एका माणसाला वैद्यकीय त्रास झाला आणि तो वारला. त्या गुडघ्याबद्दल शब्द नाही. डार्नेला फ्रेझर नावाची १७ वर्षांची मुलगी लहान कझिनला घेऊन दुकानात आलेली, तिने फोन धरून ठेवला म्हणून जगाला साडेनऊ मिनिटं दिसली, नाहीतर ते पत्रकच खरं ठरलं असतं. शोव्हिनला, म्हणजे त्या गुडघेवाल्या पोलिसाला, साडेबावीस वर्षं लागली ती त्या व्हिडिओमुळे. आणि ही नजर ठेवायची पद्धत फोनपेक्षा जुनी आहे, १९६६ मध्ये ओकलंडच्या ब्लॅक पँथर संघटनेचे लोक पोलिसांच्या मागे गाडी घेऊन फिरायचे, ठरावीक अंतरावर बंदुका घेऊन उभे राहायचे आणि मोठ्याने कायदा वाचून दाखवायचे. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं ते त्यांच्यावरूनच.

तर व्हिडिओ काढताना फोन आडवा, अंतर ठेवून, मध्ये न पडता. रस्त्यावर पोलिसांचं शूटिंग करायचा हक्क बहुतेक फेडरल अपील कोर्टांनी मान्य केलाय, पण फ्लोरिडासारख्या काही राज्यांत पोलिसाने लांब हो म्हटल्यावर २५ फूट मागे सरावं लागतं, तेव्हा सरा आणि चालू ठेवा. कॉमेंटरी करू नका, आपल्या आवाजाखाली तिथलं बोलणं बुडतं. फक्त तारीख, वेळ, चौक एकदा म्हणा. क्लाउडवर आपोआप चढेल असं सेटिंग आधीच करून ठेवा. आणि लगेच ग्रुपवर टाकू नका, आधी ज्याच्यावर बेतलं त्याला किंवा त्याच्या घरच्यांना शोधा.

तुमच्यावरच काही बेतलं तर घरी पोचल्या पोचल्या लिहून काढा, बॅज नंबर, गाडीचा नंबर, कोण काय म्हणालं, जखमांचे फोटो, डॉक्टरचा कागद. बॉडीकॅमचं फुटेज लेखी मागा, आणि लवकर, कारण काही काळाने ते पुसलं जातं. सिएटलमध्ये जानेवारी २०२३ मध्ये जान्हवी कंदुला ही आंध्रची विद्यार्थिनी रस्ता ओलांडताना पोलिसाच्या गाडीखाली गेली, ताशी २५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ७४ मैलांनी चाललेली. त्यावर दुसरा एक पोलीस फोनवर हसत होता, अकरा हजार डॉलरचा चेक द्या म्हणत होता, आणि ते कळलं कसं, तर त्याच्याच अंगावरच्या बॉडीकॅममधून. त्याला २०२४ मध्ये काढलं. गाडी चालवणाऱ्यावर मात्र गुन्हा दाखल करायला सरकारी वकिलांनी नकार दिला. तक्रार द्यायची ती आधी वकिलाला दाखवून, आणि व्हिसावर असाल तर इमिग्रेशनवालाही वेगळा गाठा. अटक झाली तर भारतीय कॉन्सुलेटला कळवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, मागा, ते आपणहून आठवण करतीलच असं नाही.

आणि अटकेत फोन काढून घेतात, म्हणून दोन नंबर तोंडपाठ हवेत, एक घरचा आणि एक वकिलाचा. हे लिहिताना मी स्वतःची परीक्षा घेतली. सांगलीच्या घरचा लँडलाइन खाडकन आठवला, तो बंद होऊन दहा वर्षं झाली असतील. बायकोच्या नंबरचा एरिया कोड आला आणि पुढे सगळं कोरं.