मोठ्या गॅपनंतर बाईक रेसिंगला परत यायचंय? मग हे वाचा

2023 च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे बाईकची सगळ्यात मोठी जागतिक रेस झाली, इटलीचा मार्को बेझेक्की जिंकला, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या चाळिशीच्या आसपासच्या लोकांचं एकच चाललंय. कॉलेजात असताना किंवा नोकरीच्या सुरुवातीला चेन्नईला जाऊन रेस केल्या होत्या, मग लग्न, मुलं, फ्लॅटचे हप्ते, बाईक विकली, लेदर सूट माळ्यावर गेला, आणि आता परत करावंसं वाटतंय, तर जमेल का? जमतं. मी केलंय, म्हणून सांगतोय. जे अगदीच नवीन आहेत त्यांनीही वाचा, कारण माझं म्हणणंच हे आहे की परत येणाऱ्याने गपगुमान नवख्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं.

पोहणं आणि सायकल आयुष्यात विसरत नाही म्हणतात, तसंच बाईकचंही असेल असं सगळ्यांना वाटतं. बॅलन्स विसरत नाही हे खरं. क्लच, गिअर, लीन म्हणजे वळणात गाडी झुकवणं, गुडघा बाहेर काढणं, हे सगळं पहिल्या दिवशीच निम्मं-अर्धं परत येतं. जातो तो वेगाचा अंदाज, आणि तो जातो डोळ्यांतून. इतकी वर्षं तुम्ही पुण्यातल्या सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये चाळीसच्या स्पीडने समोरच्या रिक्षाचा टेललाइट बघत गाडी चालवलेली असते, त्यामुळे नजर चाकापुढच्या दहा-पंधरा मीटरवर चिकटून बसते. त्याच नजरेने तुम्ही ट्रॅकवर गेलात की सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं.

चेन्नईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट बघा, म्हणजे जुन्या लोकांचं एमएमआरटी, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला, 3.7 किलोमीटरचं. मेन स्ट्रेट, म्हणजे मोठा सरळ पट्टा, संपली की पहिलं वळण, सगळे त्याला सी-वन म्हणतात, उजवीकडे जाणारं आणि चांगलंच फास्ट. परत आलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथे होते. डोक्याला आठवत असतं की छोट्या गाडीवर इथे थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, सोडायचा नसतो, पण मनगट ऐकत नाही, आपोआप थ्रॉटल बंद करतं, आणि गाडी पुढच्या चाकावर येऊन जड व्हायला लागते, लाईन, म्हणजे वळणातून जायची ठरलेली वाट, सुटते. आता इथे दोन प्रकारचे लोक असतात. एक जण चिडतो आणि पुढच्या लॅपला जबरदस्तीने थ्रॉटल धरून ठेवतो, आणि हाच बहुतेक वेळा ट्रॅकबाहेरच्या खडीत जातो. दुसरा मनगटाला त्याच्या मनासारखं करू देतो, आणि फक्त नजर उचलतो. वळणात शिरायच्या आधीच एपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, बघायचा, एपेक्सपर्यंत पोचायच्या आधीच वळण संपतं ती जागा बघायची. खरं सांगतो, काहीही वेगळं न करता तोच वेग कमी वाटायला लागतो, खांदे सैल होतात, आणि दोन-तीन सेशनमध्ये, म्हणजे ट्रॅकवर सोडतात त्या पाळ्यांमध्ये, मनगट थ्रॉटल स्वतःहून कमी बंद करायला लागतं. म्हणून माझा सल्ला एवढाच की जुना वेग परत आणायला जाऊच नका, आधी नजर परत आणा, वेग तिच्या मागून येतो.

आकड्यात बघायचं तर ताशी 140 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 39 मीटर. तुमचा हात ब्रेकवर जायला पूर्वीपेक्षा सेकंदाचा एक दशांश भाग जास्त लागला तरी चार मीटर गेले, म्हणजे दोन बाईकच्या लांबीइतके. पंचविशीत तुम्ही वळणाआधीच्या ज्या अंतराच्या बोर्डाजवळ ब्रेक मारायचात तो बोर्ड आता तुमचा नाही. खूप आधीपासून ब्रेक करायला सुरुवात करा, इतकं आधी की वळणात शिरताना "अरे, अजून स्पीड चालला असता" असं वाटलं पाहिजे, आणि मग एकेका सेशनला एक-दोन बाईकच्या लांबीने पुढे सरका. एका वेळी एकच वळण घ्या. सगळ्या बारा वळणांवर एकदम सुधारणा करायला गेलात तर कशातच होत नाही.

पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे रेस नसताना ट्रॅकवर सराव करायच्या दिवशी, एक ड्रिल नक्की करा, बऱ्याच चांगल्या रेसिंग शाळांत करून घेतात. एकाच गिअरमध्ये राहायचं, तिसरा किंवा चौथा, आणि ब्रेक लावायचाच नाही. स्ट्रेटवर अर्थातच हळू जावं लागतं, मागून पोरं सुसाट निघून जातात, जाऊ द्या. ब्रेक नसला की वळणात किती स्पीडने शिरायचं ते थ्रॉटल आधी सोडून, अंदाजानेच ठरवावं लागतं, आणि गेलेला अंदाज ह्यानेच सगळ्यात लवकर परत येतो. अगदी नवख्यालाही मी पहिल्यांदा हेच करायला सांगेन.

हे सगळं रस्त्यावर करायला जाऊ नका. रविवारी सकाळी ताम्हिणी घाटात किंवा लोणावळ्याच्या बाजूला काय चालतं ते सगळ्यांना माहितीये. तिथे समोरून एसटी येते, वळणावर वाळू असते, गुरं बसलेली असतात, आणि पडलात तर खडीचा रनऑफ, म्हणजे ट्रॅकबाहेरची गाडी थांबवणारी मोकळी जागा, नसतो, दरी असते. रस्त्यावर फक्त नजरेची सवय करा, आहे त्या स्पीडला लांब बघायची. तेवढं पुरतं.

आता शरीर. जिममध्ये बायसेप्स वाढवून काही होत नाही. ट्रॅकवर दमतात त्या मांड्या, पोट, पाठ आणि मान, आणि ते दमले की माणूस हँडल घट्ट धरायला लागतो, मग हाताचे पुढचे स्नायू फुगून दगड होतात, ब्रेकची बोटं चालत नाहीत. ह्याला आर्म पंप म्हणतात. उपाय हातात नाही, पायात आहे. ब्रेक करताना गुडघ्यांनी टाकी आवळून धरायची म्हणजे अंगाचा भार मनगटावर येत नाही. स्क्वॉट, प्लँक, आणि सायकलिंग किंवा पळणं, निदान तीन-चार महिने आधीपासून. वजन वाढलंय तर थोडं उतरवा, 165 सीसीच्या गाडीवर आठ-दहा किलो स्ट्रेटवर लगेच कळतात.

चाळिशीचा चष्मा लागला असेल तर हे लक्षात घ्या. टाकीवर वाकून बसलं की आपण भुवयांखालून वर बघतो, आणि तिथे नेमकी चष्म्याची फ्रेम आडवी येते. शिवाय हेल्मेटमध्ये वाफ धरते ती वेगळीच. लांबचा नंबर असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की बाईक रेसिंगसाठी हवंय, कॉन्टॅक्ट लेन्स चालतील का. फक्त वाचायचा चष्मा असेल तर ट्रॅकवर त्याची गरजच नाही, रेव्ह काउंटर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा काटा, पुसट दिसला तरी इंजिनच्या आवाजावर गिअर टाकता येतात.

आणि चेन्नईची हवा. लेदरमध्ये ग्रिडवर, म्हणजे स्टार्टच्या रांगेत, उभं राहून अंगातलं पाणी किती जातं ह्याची पुण्या-नाशिककडच्या माणसाला कल्पना येत नाही. आदल्या दिवसापासून पाणी, ओआरएस, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. सकाळी भरपेट इडली-पोंगल खाऊन पहिल्या सेशनला जायचं नाही, ते दुपारी खा, मस्त मिळतं.

सामानाच्या बाबतीत मी कडक आहे. माळ्यावरचं जुनं हेल्मेट वापरायचं नाही, कितीही महाग असलं तरी. आतला थर्मोकोलसारखा थर आणि गोंद वर्षांनुवर्षांत खराब होतात, बाहेरून काही दिसत नाही. नवीन घेताना ईसीई 22.06 ह्या हेल्मेटच्या सुरक्षा मानकाचा शिक्का आणि डबल डी-रिंगचा पट्टा बघा, कारण टकटक बंद होणारं बकल रेसला बहुतेक ठिकाणी चालत नाही. जुना लेदर सूट वापरता येईल कदाचित, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी लागते आणि त्याहून वाईट म्हणजे शिलाईचा दोरा कुजतो. खांदा, कोपर, ढुंगण, गुडघा, ह्या चार जागांची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा, दोरा तुटला तर सूट बाद. पडल्यावर माणूस घासत जातो तेव्हा आधी शिवणच उघडते. बॅक प्रोटेक्टर नवा घ्या, आणि झेपत असेल तर एअरबॅगचं जॅकेट. आपण रेस करायचो तेव्हा ह्याचा विचारही कोणी करत नव्हतं, आता पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसच्या गाड्या उभ्या असतात त्या आवारात, बऱ्याच जणांकडे दिसतं. पैसे कमी पडत असतील तर बाईकचा एक्झॉस्ट राहू द्या, हे घ्या.

गाडीचं म्हणाल तर सुरुवातीला स्वतःची घेऊच नका. ह्यात गेल्या काही वर्षांत खूप सोय झालीये. वन मेक सीरिजमध्ये सगळ्यांना सारख्याच गाड्या मिळतात आणि त्या आयोजकांच्याच असतात, टीव्हीएसची वन मेक चॅम्पियनशिप आहे, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेन्टल जीटी कप 2021 ला सुरू झाला, त्यात 650 च्या गाड्या असतात. तुम्ही सिलेक्शनला जायचं, फी भरायची, सूट-हेल्मेट घेऊन पोचायचं. पुण्याहून चेन्नईला टेम्पोत गाडी घालून बाराशे किलोमीटर न्यायची भानगड नाही, मेकॅनिक नाही, टायरचा खर्च अंगावर नाही. मात्र पडलात तर मोडतोडीचे पैसे कोणी द्यायचे ते फॉर्म भरतानाच विचारून घ्या, हे विचारायला लोक लाजतात आणि नंतर घरी भांडणं होतात. स्वतःचीच गाडी पळवायची असेल तर नॅशनल चॅम्पियनशिपमध्ये 165 सीसीचा नोव्हिस, म्हणजे नवख्यांचा, वर्ग असतो. पूर्वी पोडियम-बिडियम असेल तर नोव्हिसमध्ये घेतील का ते आधीच विचारा.

रेसिंगचं लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट्स क्लबांच्या फेडरेशनचं, लागतं, ऑनलाइन अर्ज होतो, मेडिकल सर्टिफिकेट जोडावं लागतं. जुनं लायसन्स होतं म्हणून काही सवलत मिळेल ह्या भरवशावर राहू नका, नव्याने काढायचं असं धरूनच चला. आणि मान्यता असलेल्या अकादमीचा लेव्हल वन कोर्स करा, कोणी सर्टिफिकेट मागो न मागो. तुमच्या शेजारी सोळा-सतरा वर्षांची पोरं बसलेली असतील, त्यातली काही तुमच्यापेक्षा लॅपला चार-पाच सेकंद फास्ट असतील, आणि ती मनापासून मदत करतात. माझ्या वेळी अशा शाळा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याही नव्हत्या, आपण एकमेकांचं बघून शिकलो, त्यामुळे अंगात बऱ्याच चुकीच्या सवयी असतात, त्या तिथेच निघतात. कोईम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचं, लहान आहे, शिकायला मला ते जास्त आवडतं, कारण चुकलेलं वळण लगेच परत समोर येतं.

इन्शुरन्सचं कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. गाडीच्या पॉलिसीत रेसिंग वगळलेलं असतं, आणि बऱ्याच मेडिक्लेम आणि अपघाताच्या पॉलिसींमध्येही असतं. पॉलिसी काढून बसा, न मिळणाऱ्या गोष्टींची यादी वाचा, एजंटाला ईमेलवर विचारा, तोंडी नको. आणि हे बायकोसमोर बसून करा. घरच्यांना न सांगता परत रेसिंग सुरू करणारे लोक मला माहितीयेत, ते ग्रिडवर उभे असताना डोकं दुसरीकडेच असतं. घरी नीट बोला, एक दिवस त्यांना ट्रॅकवर घेऊन या, मार्शल म्हणजे ट्रॅकवर झेंडे दाखवणारी माणसं, अँब्युलन्स, खडीचे रनऑफ दाखवा. माझ्या बायकोचा विरोध ताम्हिणीला होता, ट्रॅकला नव्हता, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी स्क्रुटिनीचं, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीचं, थोडक्यात. आरसे, स्टँड, नंबरप्लेट काढायचे, लाइटला टेप, ऑइलच्या नट आणि टोपीला लॉक वायर, म्हणजे सुटू नये म्हणून बांधायची तार, किल स्विच चालला पाहिजे. लिक्विड कूल्ड गाडी असेल तर रेडिएटरात साधं पाणी भरा, कूलंट ट्रॅकवर सांडलं की भयंकर निसरडं होतं आणि लवकर वाळत नाही, मागच्याचा जीव जातो. टायरचं प्रेशर सेशनहून आल्या आल्या, गरम असतानाच मोजा आणि वहीत लिहा, हवेतलं तापमानही लिहा.

झेंडे परत पाठ करा, सगळे. पिवळा हलताना दिसला की ओव्हरटेक बंद, स्लो व्हायचं. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात त्या गल्लीत. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे निसरडं. काळ्यावर केशरी गोल आणि तुमचा नंबर म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब लाईन सोडून बाहेर. आणि निळा, हा आपल्यासाठी महत्त्वाचा, मागून फास्ट रायडर येतोय. निळा बघून लोक घाबरून एकदम बाजूला होतात, तसं करू नका, तुमची लाईन धरून राहा, जाणारा त्याची वाट काढतो. अचानक बाजूला झालात तरच टक्कर होते.

पहिल्या रेसला स्टार्टनंतरची पहिली दोन वळणं सोडून द्या. सगळी गर्दी तिथे असते, आणि इतक्या जवळ दोन्ही बाजूंना बाईक असण्याची सवय ट्रॅक डेला होत नाही, ती रेसमध्येच होते. थोडं मागे राहा, जागा ठेवा, पुढच्याच्या मागच्या चाकाकडे बघत बसू नका, त्याच्या पलीकडे बघा, नाहीतर तो जिथे चुकेल तिथे तुम्हीही चुकाल. रेस संपली की कितवा आलो ते नंतर बघा, आधी लॅप टायमिंगचा कागद घ्या आणि शेवटच्या तीन लॅप पहिल्या तीन लॅपशी ताडून बघा. शेवटच्या लॅप स्लो झाल्या असतील तर फिटनेस कमी पडला, पुढच्या राउंडपर्यंत घरी त्यावर काम करा. टायमिंग दर लॅपला वरखाली उड्या मारत असेल तर ब्रेकिंगची खूण अजून पक्की नाही, परत एक ट्रॅक डे घ्या. आणि सगळ्या लॅप एकमेकींच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात बसल्या असतील तर पुढच्या राउंडची एंट्री त्याच दिवशी पॅडॉकमध्ये भरून टाका, जागा लवकर संपतात.