अमेरिकी परंपरावाद्यांमधील उत्क्रांतीचा वाद कसा वाचावा

अमेरिकेतील परंपरावाद्यांच्या (कॉन्झर्व्हेटिव्ह) रिपब्लिकन पक्षाचा एखादा नेता डार्विनविषयी काही बोलला की 'ही मंडळी उत्क्रांती मानतच नाहीत' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. अशा विधानाचा नीट अर्थ लावायचा असेल, तर पक्षाचे नाव आधी बाजूला ठेवावे आणि वक्ता नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, हे पाहावे. पृथ्वीचे वय किती, माणूस इतर प्राण्यांपासून उत्क्रांत झाला का, त्यामागे ईश्वरी हेतू होता का आणि सरकारी शाळेत काय शिकवावे हे कोणी ठरवायचे, हे चार प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की वाद कळेनासा होतो, आणि राजकारणी ती पुष्कळदा मुद्दामच करतात.

3 मे 2007 रोजी कॅलिफोर्नियातील रेगन ग्रंथालयात अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांची जाहीर वादचर्चा झाली, तेव्हा उत्क्रांती कोण मानत नाही असे विचारताच दहापैकी तिघांनी हात वर केले: सॅम ब्राउनबॅक, माइक हकबी आणि टॉम टॅन्क्रेडो. जॉन मॅकेन यांनी आपण उत्क्रांती मानतो असे सांगितले, पण ग्रँड कॅन्यनमधील सूर्यास्त पाहताना त्यात ईश्वराचा हातही दिसतो, अशी पुस्तीही जोडली. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्राउनबॅक यांनी लेख लिहून खुलासा केला, की एकाच प्रजातीत काळानुसार होणारे छोटे बदल त्यांना मान्य आहेत; ईश्वराला जागाच न ठेवणारा निव्वळ भौतिकवाद मात्र मान्य नाही. हात वर करणारा आणि न करणारा यांच्यातले अंतर वाटले होते तेवढे नव्हते. म्हणून हो-नाहीच्या उत्तरावर निष्कर्ष काढू नये; त्यामागचे सविस्तर निवेदन शोधून वाचावे.

त्यानंतर वक्त्याचा परंपरावाद कोणत्या जातकुळीचा आहे, हे तपासावे. राज्यशास्त्राचे अभ्यासक लॅरी आर्नहार्ट यांच्या मते डार्विन हा परंपरावाद्यांचा मित्रच ठरतो, कारण कुटुंब, मालमत्ता आणि देवाणघेवाण यांची ओढ मानवी स्वभावात उत्क्रांतीतूनच रुजली असेल, तर माणसाला नव्याने घडवू पाहणारे क्रांतिकारक स्वप्न फसणार, हे उघड आहे. कोणी आखणी न करताही सुव्यवस्था निर्माण होते, हे बाजारपेठेचे तत्त्वही नैसर्गिक निवडीशी सहज जुळते. उत्क्रांतिवादाला विरोध करणाऱ्या सिएटलच्या डिस्कव्हरी इन्स्टिट्यूटचे जॉन वेस्ट याच्या नेमके उलट मांडतात: नीती ही जीवशास्त्रीय अपघाताची उपज ठरली तर तिला कायमचा आधार उरत नाही, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सक्तीच्या नसबंदीचे कायदे डार्विनचा दाखला देऊनच समर्थिले गेले होते. मे 2007 मध्येच वॉशिंग्टनच्या अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूट या परंपरावादी अभ्यासगटात हे दोघे समोरासमोर आले. या वादात जीवशास्त्र फारसे नसतेच, असे मला वाटते. वादातल्या दोन्ही बाजूंना डार्विन हवा असतो तो राजकीय साक्षीदार म्हणून.

न्यायालयीन निकाल वाचताना न्यायाधीशाची नेमणूक कोणी केली हे अवश्य पाहावे, पण त्यावरून निकालाचा अंदाज बांधू नये. पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळा मंडळाने नववीच्या विद्यार्थ्यांना 'बुद्धिमान रचना' (जीवसृष्टी कोणा बुद्धिमान कर्त्याने रचली, हा विचार) या पर्यायाची माहिती देणारे निवेदन ऐकवायचे ठरवले, तेव्हा शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला आणि ते वाचायला प्रशासकांना वर्गात जावे लागले. पालकांनी मंडळावर भरलेल्या खटल्यात त्या विचाराच्या पुरवणी पुस्तकाचे जुने मसुदे पुढे आले. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सृष्टिनिर्मितीवाद (सजीव ईश्वराने थेट निर्माण केले, हे मत) शिकवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवल्यानंतर मसुद्यात 'निर्मितीवादी' काढून 'रचनेचे पुरस्कर्ते' असे घातले होते, आणि एके ठिकाणी ही अदलाबदल अर्धवट राहिल्याने जुन्या शब्दाची अक्षरे नव्याच्या मागेपुढे तशीच चिकटून राहिली होती. 20 डिसेंबर 2005 रोजी मंडळाविरुद्ध निकाल देणारे जॉन जोन्स हे रिपब्लिकन असून त्यांची नेमणूक अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीच केली होती. त्याच बुश यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उत्क्रांती आणि 'बुद्धिमान रचना' या दोन्ही बाजू शिकवाव्यात असे म्हटले होते. राजकीय कार्यकर्त्या फिलिस श्लाफली यांनी जोन्स यांच्यावर आपल्याच लोकांच्या पाठीत खंजीर खुपसल्याचा आरोप केला, तर निकालाच्या महिनाभर आधीच स्तंभलेखक चार्ल्स क्रॉथॅमर यांनी 'बुद्धिमान रचने'ला विज्ञान म्हणण्याची खिल्ली उडवली होती. हे दोघेही परंपरावादीच.

मागच्या इतिहासावर आजची पक्षरेषा लादणेही टाळावे. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर 1925 मध्ये टेनेसीतील डेटन येथे चाललेल्या गाजलेल्या खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले डेमोक्रॅट होते.

जनमत चाचणीत प्रश्नाची शब्दरचना आधी वाचावी. जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू संस्थेच्या पाहणीत माणूस कालौघात उत्क्रांत झाला असे मानणाऱ्या रिपब्लिकनांचे प्रमाण 2009 मध्ये 54 टक्के होते, ते 2013 मध्ये 43 टक्क्यांवर आले. मात्र या पाहण्यांत हो म्हणणाऱ्यांना पुढे आणखी एक प्रश्न होता: हे निव्वळ नैसर्गिक प्रक्रियेने घडले की ईश्वरी मार्गदर्शनाने? तो गाळून दिलेली बातमी अर्धीच असते.

सरावासाठी बॉबी जिंदल यांचे उदाहरण घ्यावे. त्यांनी महाविद्यालयात जीवशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि लुइझियानाचे गव्हर्नर म्हणून 2008 मध्ये, शिक्षकांना उत्क्रांतीची चिकित्सा करणारे पूरक साहित्य वापरण्याची मुभा देणाऱ्या कायद्यावर सहीही केली. पुढे त्यांना याविषयी विचारले असता त्यांनी स्थानिक शाळांच्या निर्णयाधिकाराचा मुद्दा पुढे केला. हे चौथ्या प्रश्नाचे उत्तर झाले; पहिल्या तिन्ही प्रश्नांवर त्यांचे मत काय, हे त्यावरून कळत नाही.