एप्रिलमध्ये खरखरणारा बेस

गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत ओल आली आणि माझ्या बेस गिटारचं नेक (तारांखालची लांब लाकडी मान) पुढे वाकलं. तारा इतक्या उंच झाल्या की बोटं दुखायची. दुरुस्तीवाल्याकडून ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ताणाविरुद्ध नेक सरळ ठेवणारा आतला धातूचा दांडा, आवळून घेतला. छान वाजत होता. एप्रिलात पुण्याची हवा कोरडी पडली आणि सर्वांत जाड ई तारेवर पहिल्या चार फ्रेटांत (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांत) खर्रऽऽ सुरू झालं. वरच्या फ्रेटांवर मात्र सूर स्वच्छ.

मी आधी तारांना दोष दिला, नवा संच घातला. पैसे वाया. मग नीट तपासलं : ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली आणि मधल्या सातव्या फ्रेटपाशी पाहिलं. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे 0.3 मिलिमीटरच्या आसपास फट हवी. माझ्याकडे तार फ्रेटला चिकटलेलीच होती. लाकूड सुकून नेक मागे वळलं होतं.

मापाच्या ॲलन कीने (षटकोनी चावीने) रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल केला. त्याहून जास्त एका वेळी कधीच नाही; आणि रॉड अडला तर जोर लावू नका, तो तुटला तर नेकच जातं. पुन्हा सुरात लावून रात्रभर ठेवला, कारण लाकूड सावकाश हलतं. सकाळी फट दिसली. ॲम्प लावला, फ्रेट न दाबता खुली ई छेडली, मग पहिल्या फ्रेटवरचा एफ. सूर गोल, लांब, शेवटपर्यंत स्वच्छ.

जूनमध्ये रॉड थोडा आवळावा लागेल.